एकोणऐंशी नव्वदचं जाकीट

नोलीन प्रॅटलीनं आयुष्यात एकच बंदूक चालवली, ती लेबलं मारायची. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडल्या गोर गावात मुख्य रस्त्यावरच्या गिलख्रिस्टच्या दुकानात एकेचाळीस वर्षं ती बंदूक तिच्या उजव्या हातात होती. मेंढ्यांना औषध पाजायची पिचकारी असो की लग्नात द्यायचा कपबशांचा संच, नोलीनच्या हातून ‘कट्’ असा आवाज झाल्याखेरीज दुकानातली एकही वस्तू फळीवर चढत नसे. गावातले लोक म्हणायचे, नोलीनसमोर फार वेळ उभं राहू नये, कपाळावर किंमत चिकटवेल. त्यावर नोलीन म्हणायची, "काही जणांना चिकटवलीही असती. पण इतका स्वस्त माल आमच्या दुकानात ठेवायची पद्धत नव्हती."

बाई उंच, हाडकुळी. केस स्वतःचे स्वतः कापायची आणि ते पाहणाऱ्याला कळायचं. नवरा आल्बी दुधाचा टँकर चालवायचा. घरातलं बोलण्याचं खातं त्यानं लग्नाच्या दिवशीच बायकोकडे सोपवलं होतं, ते परत मागितलं नाही.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात देशात जीएसटी आला. तेव्हा तो दहा टक्के होता. दुकानात चार हजारांवर वस्तू, आणि प्रत्येकीवर जुनी किंमत. थोरल्या गिलख्रिस्टनं हिशेब केला, सगळी लेबलं बदलायची म्हणजे आठवडा जाणार. त्यानं दारावर एक पाटी लावली: ‘किमतींवर कर वेगळा पडेल’. पाटी सुंदर होती, पण दार उघडं असलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी एफी बेअर्ड नावाची म्हातारी विजेची किटली घ्यायला आली. किटलीवर लेबल चोवीस डॉलरचं. एफीनं रुमालाची गाठ सोडून चोवीस डॉलर मोजून गल्ल्यावर ठेवले. नोट एक, बाकी सगळी चिल्लर. नोलीनला सांगावं लागलं, "एफी, अजून दोन डॉलर चाळीस सेंट होतात." म्हातारीनं एकदा किटलीकडे पाहिलं, एकदा पैशांकडे, आणि हसून म्हणाली, "नाही गं, मी नुसती बघायलाच आले होते." मग तिनं ते पैसे पुन्हा रुमालात बांधले. तेवढ्या वेळात रांगेतल्या पाच जणांना छताकडे बघण्यासारखं काय काय सापडलं कोण जाणे.

त्या रविवारी नोलीन दुकानाची किल्ली मागून आली. सोबत चहाचे दोन थर्मास आणि आल्बी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदूक चालली. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर कर धरून पुरी किंमत लागली. सोमवारी गिलख्रिस्ट आला, फळ्या बघून चकित झाला आणि म्हणाला, "नोलीन, रविवारचा जादा पगार किती द्यायचा तुला?"

"पगार नको. पण उद्या ती दारावरची पाटी दिसली, तर मी दिसणार नाही."

पाटी गेली. किटली मात्र एफीनं घेतली नाही. पुढे तीन वर्षांनी कर साडेबारा झाला, दोन हजार दहात पंधरा. दोन्ही वेळा नोलीननं न सांगता लेबलं बदलली. कराशी तिचं भांडण कधीच नव्हतं. ती म्हणायची, "रस्ते काय पावसाबरोबर पडतात? द्यायचा तो द्यायचा. पण माणूस खिशात हात घालतो तेव्हा त्याला कळायला नको का, किती काढायचे ते?"

अशी ही बाई निवृत्त झाली, आणि घरात लेबल लावण्यासारखं आल्बीशिवाय काही उरलं नाही म्हणून बोल्स क्लबात जाऊ लागली. हिरवळीवर जड गोळे घरंगळवत न्यायचे, पांढऱ्या चेंडूच्या जवळ ज्याचा गोळा थांबेल तो जिंकला. आणि मधल्या वेळात दक्षिणेच्या बोचऱ्या वाऱ्याला शिव्या द्यायच्या, असा तो खेळ. खेळाडू बावीस. वर्षभरात नोलीन क्लबची चिटणीस झाली. इतिवृत्त लिहायचं, चहाचं बघायचं आणि अध्यक्षाला सांभाळायचं, ही तिची कामं. त्यातलं तिसरं काम बिनपगारी करण्यासारखं नव्हतं.

अध्यक्ष होता वॉरिक स्ट्रँग. जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात त्याची हयात गेली होती. तीनशे मेंढ्यांना पुरेल एवढा आवाज घेऊन तो आता बावीस म्हाताऱ्यांवर अध्यक्षपद गाजवत होता. स्वतःला तो ‘व्यवहारी माणूस’ म्हणवून घ्यायचा. व्यवहार म्हणजे काय, तर गावात जे मिळतं ते सातासमुद्रापलीकडून मागवायचं आणि किती वाचले ते भेटेल त्याला सांगायचं. त्याच्या गॅरेजात खोकी राहायची आणि गाडी पावसात. उंदीर पळवायचं एक यंत्र त्यानं असंच मागवलं होतं. उंदरांनी त्यातच बाळंतपणं उरकली. पण वॉरिकला विचारा, "तीस डॉलर वाचवले!"

क्लबाला शंभर वर्षं पुरी होणार होती. ऑक्टोबरात मोसम सुरू होण्याच्या दिवशी समारंभ, फोटो, जेवण. त्यासाठी सगळ्यांना सारखी जाकिटं करायची असं ठरलं. मे महिन्याच्या सभेत नोलीननं नायरीचं दरपत्रक वाचून दाखवलं. ‘ते आऊ’ हे तिचं माओरी आडनाव. नायरीचं शिवणकामाचं दुकान स्टेशनजवळ. शाळांचे गणवेश, रग्बीच्या पोरांचे फाटके शर्ट, वरातीचे कोट, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. तिनं लिहिलं होतं: जाकीट एकोणनव्वद डॉलर, क्लबचं चिन्ह शिवून, जीएसटीसह.

"एकोणनव्वद!" वॉरिक असा ओरडला जणू बोली फुटली. "नायरी चांगली बाई आहे, माझा काही वाद नाही. पण आपण क्लब चालवतोय की नायरीचं घर?" त्यानं फोन वर धरला. "हे बघा. टॉगरिल्ला. कपड्यांचं ऑनलाइन दुकान, जगभर पोचवतात. तेच कापड, तोच निळा रंग, वारा आत शिरत नाही. एकोणऐंशी नव्वद!"

फोनवर एक हसरा गोरिला न्यूझीलंडचा झेंडा हलवत होता. खाली लिहिलं होतं: ‘किवी मित्रांनो, तुमच्या डॉलरमध्ये, तुमच्या किमती. कसलेही छुपे आकार नाहीत!’

नोलीननं चष्मा वर करून पाहिलं. "झेंडा माकडाच्या हातात आहे, वॉरिक."

"गोरिला आहे तो."

"मग तर माझी काळजीच मिटली. यात जीएसटी धरलाय का?"

"अगं, आपल्या डॉलरमध्ये लिहिलंय! आपला झेंडा लावलाय! या देशात किंमत म्हणजे पुरी किंमत, हे गेली चाळीस वर्षं तूच आम्हाला सांगत नाहीस का?"

सभा हसली. वाक्य नोलीनचंच होतं. फक्त ते गोरिलाला कोणी सांगितलंय का, हे कुणी विचारलं नाही. मतं पडली: टॉगरिल्लाच्या बाजूनं पंधरा, नायरीच्या बाजूनं सहा, आणि एक मत झोपलेलं होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी वॉरिकनं सगळ्यांना क्लबात बोलावलं. नव्या जगातली खरेदी कशी करतात ते म्हाताऱ्यांना दाखवायचा त्याचा विचार होता. ज्या मोठ्या टीव्हीवर एरवी रग्बी बघायचे, त्याला त्यानं आपला फोन जोडला. बावीस मापं भरून झाली. वॉरिक बटणं दाबत गेला. पुढे, पुढे, पुढे. प्रत्येक पानावर गोरिला टाळ्या वाजवत होता. मध्येच ‘वाहतूक मोफत!’ असं झळकलं तेव्हा वॉरिकनं मागं वळून नोलीनकडे पाहिलं. जणू वाहतूक त्यानंच मोफत केली होती.

शेवटचं पान आलं. हिरवं बटण केवढं तरी मोठं, आणि त्याच्या खाली पांढऱ्यावर करड्या रंगात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत दोन ओळी. तीन फळ्यांपलीकडचं लेबल वाचण्यात नोलीनचे डोळे तयार झाले होते. ती खुर्चीतून उठली.

"वॉरिक, थांब."

"आता काय?"

"खालचं करडं वाच."

"करडं कोण वाचतं! एकदा, दोनदा..." वॉरिकनं अंगठा उंच नेला, अगदी बाजारात हातोडा न्यायचा तसा, "आणि विकलं!"

अंगठा खाली आला. बोली लावणाराही तोच आणि हातोडा मारणाराही तोच, असा लिलाव त्याच्या आयुष्यातला पहिलाच. टीव्हीवर गोरिला कोलांट्या मारू लागला, रंगीत कागद उडाले, आणि त्या कागदांच्या पावसातून आकडे वर आले. जीएसटी पंधरा टक्के. हाताळणी अडतीस डॉलर. एकूण दोन हजार एकोणसाठ डॉलर सत्तेचाळीस सेंट.

मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "नायरीचे किती होत होते?"

"एकोणीसशे अठ्ठावन्न," नोलीन म्हणाली. "चिन्ह शिवून."

"हा कर सरकारचा आहे!" वॉरिक गरजला. "त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष?"

"नायरीच्या एकोणनव्वदमध्येसुद्धा सरकारचाच आहे. तिनं तो पोटात घातला होता, यांनी बटणाखाली."

"रद्द करता येईल की," कुणीतरी म्हणालं. वॉरिकनं रद्द करायचं पान शोधलं. ते होतं. रद्द करण्याचा आकार पंचवीस टक्के होता, आणि तोही कर वगळून.

माणसाचं चुकतं. चुकलं म्हटलं असतं तर चहा झाला असता आणि विषय संपला असता. पण वॉरिक व्यवहारी माणूस. आठवड्याभरात त्यानं क्लबच्या पत्रकासाठी मजकूर पाठवला: ‘अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे जाकिटांच्या खरेदीत दोनशे डॉलरची बचत.’ पत्रक छापायचं काम चिटणिसाचं. नोलीननं त्याला फोन लावला.

"दोनशे कुठून आणलेस?"

"सरळ आहे. तिचे एकोणनव्वद, आपले एकोणऐंशी नव्वद. फरक काढ, बाविसानं गुण."

"आणि कर?"

"कर वगळून बोलतोय मी."

"मग मजकूरही वगळते," असं म्हणून नोलीननं फोन ठेवला. त्या महिन्याच्या पत्रकात बचतीच्या जागी गोगलगाईंपासून हिरवळ कशी वाचवावी याची माहिती आली. पण तोंडी पत्रक कुणाला थांबवता येतं? वॉरिक पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, चर्चच्या दारात दोनशे डॉलर वाचवत हिंडू लागला.

इकडे नोलीननं टॉगरिल्लाशी बोलायचं ठरवलं. पत्ता नव्हता, फोन नव्हता. होती ती एक चौकट. तिनं एका बोटानं अक्षरं दाबायला सुरुवात केली. आल्बी मागं उभा राहून बघत होता.

‘नमस्कार नोलीन! मी गॅबी, टॉगरिल्लाच्या कळपातली तुमची मैत्रीण! आपला दिवस आज कसा गोड करू?’

नोलीननं लिहिलं: ‘किंमत ७९.९० दाखवलीत. करासकट घेतलीत ९१.८९. का?’

‘छान प्रश्न! आमच्या किमती आपल्या भागातल्या प्रथेप्रमाणे कर वगळून दाखवल्या जातात.’

‘माझ्या भागात अशी प्रथा नाही. मी इथं एकेचाळीस वर्षं लेबलं लावली आहेत.’

‘अरे वा! आपल्याला एकेचाळीस लेबलं मागवायची आहेत का? त्यावर दहा टक्के सवलत मिळेल.’

‘लेबलं नकोत. उत्तर हवं.’

‘दहा टक्के सवलत कर वगळून लागू होईल.’

आल्बी हसला. आल्बीचं हसणं वर्षातून दोनदा व्हायचं, त्यातलं एक असं खर्ची पडलं.

‘तू माणूस आहेस का?’ नोलीननं विचारलं.

‘मी टॉगरिल्ला परिवारातली आहे! आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी केळी द्या.’

पाच केळ्यांची चित्रं आली. नोलीननं शून्य द्यायचा खूप प्रयत्न केला. पण एक केळं दिल्याखेरीज ती चौकट बंदच होत नव्हती. शेवटी द्यावं लागलं. गेलेल्या शंभर डॉलरपेक्षा ते केळं तिला जास्त लागलं. दोन दिवस ती आल्बीशीसुद्धा धड बोलली नाही. आल्बीला तो आठवडा बरा गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं कागद घेतला आणि दुकानदारांकडून होणाऱ्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या वेलिंग्टनच्या सरकारी कचेरीला चार पानी तक्रार लिहिली. शेवटच्या पानाचा फोटो, गोरिलाचा फोटो, गॅबीचं बोलणं, सगळं जोडलं. शेवटी लिहिलं: ‘मला पैसे परत नकोत. पुढच्या माणसाला पहिल्याच पानावर खरा आकडा दिसला पाहिजे. आणि शक्य असल्यास माझं केळं परत मिळावं.’

जुलैत क्लबची चीज रोलची विक्री होती. आमच्याकडे शाळेला छप्पर हवं असो की चर्चला घंटा, आधी चीज रोल करायला बसतात. शुक्रवारी दिवसभर क्लबातल्या बायकाबाप्यांनी पावाच्या कापांवर चीज-कांद्याचं सारण फासून तीनशे डझन गुंडाळ्या केल्या. शनिवारी सकाळी क्लबच्या दारात टेबल लागलं, गल्ल्यावर नोलीन. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: डझनाला बारा डॉलर.

रांग रस्त्यापर्यंत गेली होती. अकराच्या सुमारास वॉरिक आला. सोबत जवळच्या इन्व्हरकारगिल शहरातले, जनावरांच्या बाजारातले दोन जुने मित्र. नोलीनला तो दिसायच्या आधी ऐकू आला.

"...दोनशे डॉलर, बसल्या जागी! गावातल्या दुकानदारांना सवय झालीय रे लुटायची. जरा डोळे उघडे ठेवले की झालं."

नोलीननं ते ऐकलं. रांगेतल्या पंधरावीस जणांनीही ऐकलं, आणि त्यातले निम्मे नायरीकडून पँटी आखूड करून घेणारे होते.

"दोन डझन दे, नोलीन," वॉरिक म्हणाला आणि मित्रांकडे वळला. "माझ्याकडून."

नोलीननं दोन पुडे समोर ठेवले. "एकोणतीस डॉलर."

"चोवीस."

"एकोणतीस."

"अगं, बारा दुणे चोवीस! पाटीवर बारा लिहिलंय!"

"बाराच आहेत की. आपल्या भागातल्या प्रथेप्रमाणे, कर वगळून. चोवीसवर पंधरा टक्के तीन साठ. आणि पुड्याची हाताळणी सत्तर सेंट, दोनाचे एक चाळीस."

"ही काय थट्टा आहे?"

"छान प्रश्न!" नोलीन म्हणाली, आणि गोरिलासारखे दात दाखवून हसली.

पहिल्यांदा मागचा एक शेतकरी हसला, मग रांगच्या रांग. इन्व्हरकारगिलच्या मित्रांपैकी एकानं विचारलं, "काय रे वॉरिक, डोळे मिटले होतेस का?" वॉरिकचे कान बीटसारखे लाल झाले. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "नोलीन, आम्हालाही कर का?"

"तुला बाराच. तू कुणाचे दोनशे डॉलर वाचवलेले नाहीस."

वॉरिकनं पैसे दिले. मित्रांसमोर दुसरं काय करणार? तिसाची नोट नसते म्हणून पन्नासाची टाकली. नोलीननं सुटे मोजून त्याच्या हातावर ठेवले, आणि वरचे पाच डॉलर सगळ्यांसमोर वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिलं: ‘अध्यक्षांकडून क्लबाला, कर व हाताळणी.’

घरी आल्यावर आल्बी म्हणाला, "जरा जास्तच कातरलंस त्याला."

गल्ल्यासमोर माणसाचा चेहरा कसा पडतो ते नोलीननं पूर्वी पाहिलं होतं, आणि आज तो तिनं स्वतःच्या हातानं पाडला होता. त्याचा आनंद वाटायला हवा तेवढा वाटत नव्हता. मग तिला त्याचं ते ‘लुटायची सवय’ आठवलं, आणि वाटायला लागला.

जाकिटं ऑगस्टात आली. वाईट नव्हती. शिवण सरळ होती, वाराही आत शिरत नव्हता. फक्त ती चिन्हाविना होती, आणि चिन्ह शिवणारं मशीन गावात एकच. वॉरिक दोन खोकी घेऊन नायरीच्या दुकानात गेला, तेव्हा नेमकी नोलीन तिथं आल्बीची पँट घ्यायला आली होती. वॉरिकनं तिला पाहिलं, पण खोकी हातात असताना माघार घेणं अवघड असतं.

नायरी ठेंगणी, गोलमटोल बाई. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं आपोआप जपून व्हायचं. तिनं एक जाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"बरं आहे की. चिन्हं लावायची? सात डॉलर नग."

"सात... अधिक?" वॉरिकनं विचारलं.

"अधिक काय?"

"म्हणजे कर, हाताळणी, काय असेल ते."

नायरीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "सात म्हणजे सात, वॉरिक. तुला बरं नाही का? बस जरा."

वॉरिक बसला. नायरीनं जाकिटाच्या कापडावरून हात फिरवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कितीला पडलं?"

वॉरिकनं नोलीनकडे पाहिलं. नोलीन आल्बीच्या पँटीची बटणं मोजत होती. एरवी पँटीला एकच बटण असतं, पण ती फार वेळ मोजत राहिली.

"जवळपास तुझ्याच भावात," वॉरिक शेवटी म्हणाला. तीन महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला हा सत्याच्या सगळ्यात जवळचा शब्द.

"मग माझ्याकडून का नाही घेतलंस?" नायरीच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बावीस जाकिटांचं कापड तीन आठवडे बाजूला काढून ठेवलं होतं मी. त्यात शाळेचं एक काम सोडलं. नाही म्हणायला तरी यायचंस. चार पावलांवर तर राहतोस."

लिलावात ज्याचा आवाज कधी अडला नाही, तो माणूस खोक्यावरची चिकटपट्टी खरवडू लागला. "मी... मला वाटलं चिटणीस कळवेल."

"चिटणिसानं कळवलं," नोलीन म्हणाली. "सभेच्या संध्याकाळीच. आणि तीन आठवडे वाट बघ, वॉरिकचं डोकं ठिकाणावर येईल असंही सांगितलं. मग खरेदी झाली तेव्हा सांगायला मात्र आले नाही. ते कापड माझ्यामुळे अडकलं, नायरी. तिथं मी चुकले."

"तुम्ही दोघं ना," नायरी म्हणाली आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. "मंगळवारी या न्यायला. पैसे तेव्हा द्या."

सप्टेंबरात वेलिंग्टनहून पत्र आलं. सरकारी पत्र कसं असतं, तर आभार वर, आभार खाली, मध्ये काम. त्यात म्हटलं होतं की, अशा तक्रारी बऱ्याच आल्या आहेत. संबंधित विक्रेत्याला ग्राहकांना सुरुवातीपासून एकूण किंमत दाखवायला सांगितलं आहे. केळ्याबद्दल काही उल्लेख नव्हता. नोलीननं ते पत्र चार वेळा वाचलं आणि फ्रिजवर लावलं. आल्बीनं ते वाचलं आणि स्वतःहून चहा केला. त्याच्या भाषेत हा सत्कार होता.

पंधरा दिवसांनी टॉगरिल्लाच्या पानावर खरोखर बदल झाला. जाकिटाखाली आता ९१.८९ असा ठसठशीत आकडा आला, ‘सर्व कर धरून’. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा अवतरला, ११९.९०, आणि त्याच्यावर लाल काट. गोरिलाच्या हातात झेंड्याच्या जागी फीत बांधलेलं खोकं. ‘किवी मित्रांनो, कर आता आमच्याकडून! अठ्ठावीस डॉलरची बचत, फक्त तुमच्यासाठी!’

म्हणजे गोरिलाला गॅबीनं नसेल, पण कुणीतरी व्यवहार शिकवला होता. लपवायला मनाई झाली तर मिरवायचं.

त्याच दिवशी वॉरिकचा निरोप सगळ्या सभासदांना गेला: ‘बघा! आता आपला कर तेच भरतात! समारंभासाठी टोप्याही यांच्याकडूनच घेऊ.’

नोलीननं तो निरोप दोनदा वाचला. एकेचाळीस वर्षं बंदूक चालवून, चार पानं तक्रार लिहून, सरकारला कामाला लावून जे हातात आलं, ते वॉरिकनं असं वाचलं होतं. आकडा खरा झाला होता, पण वाचणारा तोच होता. आल्बी म्हणाला, "निदान आकडा तरी खरा झाला." नोलीन म्हणाली, "हो. तेवढंच."

सभा झाली. वॉरिकनं फोन वर धरून ठराव मांडला. या खेपेला कुणी हसलं नाही, कुणी वादही घातला नाही. सगळ्यांच्या अंगावर ती जाकिटं होती, छातीवर नायरीनं शिवलेलं चिन्ह. नोलीननं दोन्हीकडचे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फिरवले. ठरावाच्या बाजूनं एक हात वर झाला. विरोधात एकोणीस. तिनं इतिवृत्तात लिहिलं: ‘टोप्या नायरी ते आऊ यांच्याकडून, प्रत्येकी चोवीस डॉलर.’

वॉरिकनं स्वतःपुरती एक टोपी टॉगरिल्लाकडूनच मागवली. तत्त्वाचा प्रश्न होता. ती वेळेवर आली, पण त्याच्या डोक्याला दोन बोटं मोठी झाली. समारंभाच्या दिवशी नेहमीसारखा दक्षिणेचा वारा सुटला. फोटोवाला ‘तयार’ म्हणाला आणि टोपी उडाली. हिरवळीवरून घरंगळत गेली, कुंपणावर क्षणभर टेकली, आणि रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली. वॉरिक तिच्यामागे चार पावलं धावला, मग परत येऊन आपल्या जागी उभा राहिला.

"पुन्हा मिळेल," तो शेजारी उभ्या नोलीनला म्हणाला. "एक घेतली की दुसरी अर्ध्या किमतीत देतात."

"कशाच्या अर्ध्या?" नोलीननं विचारलं.

वॉरिकनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला.